पास्कोलीनाचं गाणं

"नाव परत एकदा सांगा," प्रोफेसर कुलासो मला म्हणाले. "त्यांना नीट ऐकू आलं नसेल."

"पास्कोलीन," मी म्हणाले. "पास्कोलीन इनास रिबेलो. वसईची."

तिबुर्सियोंना नीट ऐकू आलं होतं. खुर्चीत बसून ते गिटारची तार पिळत होते, तो हात तसाच थांबला. सहासष्ट वर्षांचा उंच, काळासावळा माणूस, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांनी गिटार मांडीवरून उतरवून हळूच जमिनीवर ठेवली आणि ते उठले. मला वाटलं, हात मिळवायला पुढे येतील. ते मागे सरकत गेले. पाठ भिंतीला लागली तेव्हा थांबले आणि त्यांनी कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. मग पोर्तुगीजमध्ये काहीतरी बोलले, अगदी हळू.

कुलासो दुभाष्याचं काम करत होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"तुम्ही आधी बसा, बाई."

"काय म्हणाले ते सांगा ना."

कुलासोंनी चष्मा काढला. तो हातातच ठेवून म्हणाले, "ते म्हणतात, इनासची मुलगी सहाव्या वर्षीच मेली. घरामागच्या पाण्यात बुडून."

ही गोष्ट डिसेंबर १९८२ ची. मुंबईतल्या एका सभागृहामागची खोली, दुपारचे तीन वाजलेले. बाहेर रंगमंचावर कुणीतरी झाडू मारत होतं, त्याचा आवाज येत होता. मी अठ्ठावीस वर्षांची होते, वसईच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. त्या खोलीत मी माझ्या मेलेल्या बापाविषयी दोन शब्द ऐकायला गेले होते.

आमच्याकडे आईला आय म्हणतात, बापाला बा, आणि मुलीला लाडाने बाय. माझा जन्म ईस्टरच्या दिवशीचा, पास्काच्या सणाचा, म्हणून बाने माझं नाव पास्कोलीन ठेवलं. आयचं नाव जुलियान. बा लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. मी चार वर्षांची असताना तो एका बोटीवर स्टुअर्ड म्हणून गेला. दीड-दोन वर्षं त्याची पत्रं आली. मग एक दिवस आयने सांगितलं की कंपनीचा कागद आलाय, बा समुद्रात पडला, सापडला नाही. चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्साची प्रार्थना झाली. प्रेत नव्हतं, त्यामुळे कबर नव्हती. दर वर्षी नोव्हेंबरमध्ये, मृतांच्या दिवशी, आय आणि मी दफनभूमीतल्या मोठ्या क्रुसापाशी मेणबत्ती लावायचो, आणि वारा आला की आय दोन्ही हातांनी ज्योत झाकायची.

या भेटीच्या चार वर्षं आधी एका रविवारी रेडिओवर परदेशी गाण्यांचा कार्यक्रम लागला होता. मी पेपर तपासत होते. ब्राझीलचा सांबा आहे, तिबुर्सियो दा ल्युझ नावाच्या गायकाचा, असं निवेदकाने सांगितलं. एक गिटार, मागे खंजिरीसारखं काहीतरी, आणि एका म्हाताऱ्याचा जाडा, खरखरीत आवाज. चाल ऐकून माझी लाल पेन्सिल थांबली. ती आमच्याकडे लग्नात नवरीला हळद लावताना बायका म्हणतात त्या गाण्याची चाल होती, फक्त ठेका निराळा. आणि मग तो आवाज म्हणाला, "पास्कोलीना." त्यापुढे काही पोर्तुगीज शब्द, आणि मग स्वच्छ, आमच्या उच्चारात, "बाय." त्यामागून आणखी एक शब्द ओळखीचा आला: बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. प्रत्येक घरामागे असतं, त्यावरच केळी आणि पानवेली जगतात. आमच्या वसईबाहेर हा शब्द कुणाला ठाऊक नाही.

मी धावत आयला बोलावलं. ती आली, दारात उभी राहून ऐकलं आणि म्हणाली, "नावं काय, जगात सारखीच असतात." आणि परत वाडीत गेली.

मला मात्र खात्री पटली होती. मरण्याआधी बा त्या देशात गेला असणार, या माणसाला भेटला असणार, आणि त्याने माझ्यासाठी गाणं केलं असणार. चार वर्षं मी त्या गाण्यावर जगले म्हटलं तरी चालेल. शब्द कळत नव्हते, पण मला ते आनंदाचं गाणं वाटायचं. वर्गात मुलं लिहीत असली की मी ते मनात म्हणायचे. म्हणून वर्तमानपत्रात तिबुर्सियो मुंबईला येणार असं वाचलं तेव्हा मी आयोजकांना पत्र लिहिलं, आणि कुलासोंनी मला कार्यक्रमाआधी भेटायला बोलावलं. निघताना आय म्हणाली होती, "परक्या माणसाकडे कशाला जायचं?" मी ऐकलं नाही.

आणि आता तो माणूस भिंतीला पाठ लावून उभा होता.

"त्यांना सांगा, मी मेलेली नाही," मी कुलासोंना म्हणाले. बोलताना मला स्वतःचीच लाज वाटली. असं वाक्य कधी कुणाला म्हणावं लागेल असं वाटलं नव्हतं.

कुलासोंनी सांगितलं. तिबुर्सियो हळूहळू पुढे आले. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि काही न विचारता त्यांनी माझं मनगट धरलं. वैद्य धरतो तसं. बराच वेळ धरून राहिले. मग माझ्या कपाळाकडे, हनुवटीकडे बघत त्यांनी एक एक शब्द उच्चारला, मोडकातोडका, पण आमच्या बोलीतला: "आय. बा. बाय. पानी. बस." एवढंच त्यांना येत होतं. बाने शिकवलेलं.

"माझा बा बोटीवरून पडला त्याआधी तुम्हाला कुठे भेटला?" मी विचारलं.

कुलासोंनी हा प्रश्न त्यांना विचारला, उत्तर ऐकलं, आणि परत एकदा विचारला. मग माझ्याकडे वळले. "बोटीवरून कोण पडलं? ते म्हणतात, इनासियो, म्हणजे तुमचा बा, बोटीवरून कधीच पडला नाही. तो तीन वर्षांपूर्वी गेला. रिओत, फुप्फुसाच्या आजाराने. हे स्वतः त्याच्या उशाशी होते."

माझ्या मांडीवर पर्स होती. तिचं बटण मी उघडत होते आणि लावत होते. ते मला थांबवता येईना. १९६० साली मेलेला बाप १९७९ पर्यंत जिवंत होता. मी बीएड झाले तेव्हा तो होता. पहिल्यांदा पगार आणला तेव्हा होता. दर नोव्हेंबरला मी मेणबत्ती लावत होते तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला तो जेवत होता, झोपत होता, गिटार वाजवत होता.

तिबुर्सियो जमिनीवरच बसले आणि सांगू लागले. ते थांबले की कुलासो मराठीत सांगायचे.

रिओत एका टेकडीवरच्या वस्तीत त्यांचा जन्म. आई लोकांचे कपडे धुवायची. ते घरांना रंग द्यायचं काम करायचे आणि फावल्या वेळात वस्तीच्या सांबा मंडळासाठी गाणी रचायचे. कार्निव्हलला हजारो लोक ती गात रस्त्याने नाचत जायचे, आणि गाणं कुणाचं ते कुणालाच माहीत नसायचं. वीस वर्षं असंच गेलं. एकदा शिडीवरून पडून पाय मोडला आणि इस्पितळात पडून राहावं लागलं. शेजारच्या खाटेवर एक परदेशी खलाशी आला. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, आणि त्याची बोट त्याला सोडून निघून गेलेली. तो कुणाशीच बोलत नव्हता. तिबुर्सियोंच्या खाटेवर गिटार होती. तिसऱ्या दिवशी त्याने हात पुढे करून ती मागितली.

"तो वाजवायला लागला आणि सगळा वॉर्ड गप्प झाला," कुलासोंनी सांगितलं. "सांबा त्याला यांनी शिकवला. चाली यांना त्याने शिकवल्या. बरा झाल्यावर तो यांच्या टेकडीवरच राहायला गेला. यांच्या बहिणीच्या घरी."

इथे तिबुर्सियोंनी माझी नजर चुकवली. त्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही.

"मग साठ साली मार्चमध्ये एक पत्र आलं. भारतातून. इनासियो ते हातात घेऊन पायऱ्यांवर बसला, तो दुसऱ्या दिवसापर्यंत उठला नाही. मुलगी केळीच्या पानाची होडी सोडायला पाण्यात उतरली आणि बुडाली, असं त्यात होतं. चाळीस दिवस तो बोलला नाही. एका दुपारी त्याने गाणं लिहिलं, पोर्तुगीजमध्ये. यांनी विचारलं, तुझ्या भाषेत का नाही? तर म्हणाला, माझ्या भाषेत लिहिलं तर घरी ऐकू जाईल. ते त्याने स्वतः कधीच गायलं नाही. यांना दिलं. माझं नाव घालू नकोस म्हणाला. यांची पहिली रेकॉर्ड निघाली ती वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, आणि ती निघाली ती या एका गाण्यामुळे. जग यांना याच गाण्यामुळे ओळखतं. इनासियोला दुसरं मूल झालं नाही. त्याला नकोच होतं."

मी लहानपणी खरंच केळीच्या पानाच्या होड्या सोडायचे. बाला पाठवते म्हणून. त्या बावखलाच्या पलीकडच्या काठाला लागायच्या आणि मी रडायचे. हे फक्त एका माणसाला माहीत होतं.

"गाणं सांगा," मी म्हणाले. "शब्द सांगा मला."

तिबुर्सियोंनी ते गायलं नाही. कविता म्हणावी तसं एकेक कडवं सांगितलं, आणि कुलासोंनी कार्यक्रमाच्या पत्रकामागे मराठीत लिहून घेतलं. पाच कडवी होती; रेकॉर्डवर चारच होती, पाचवं त्यांनी कधी गायलं नव्हतं. लिहिताना कुलासोंनी दोनदा पेन खाली ठेवलं. पहिली दोन अशी होती:

पास्कोलीना, माझी बाय,
बावखल किती खोल होतं?
मी निघालो तेव्हा तर
तुझ्या गुडघ्याएवढं होतं.

होडी माझ्याकडे निघाली,
तू होडीमागे निघालीस.
मी इतक्या लांब का आलो,
की तुझी होडी पोचेना?

चार वर्षं हे मी मनात म्हणत होते. आनंदाचं गाणं म्हणून. मुलांना शुद्धलेखन घालताना माझ्याच मरणाचं गाणं मी गुणगुणत होते.

संध्याकाळी कार्यक्रमाला मी तिसऱ्या रांगेत बसले. का बसले, सांगता येत नाही. उठून कुठे जायचं ते कळत नव्हतं, एवढंच. तिबुर्सियो सुंदर गायले. लोकांना भाषा येत नव्हती तरी माना डोलत होत्या. शेवटी मागून कुणीतरी त्या गाण्याचं नाव घेतलं, मग दहा-वीस आवाज झाले. "पास्कोलीना, पास्कोलीना." तिबुर्सियोंनी गिटारवर हात ठेवला, पहिला स्वर छेडला आणि तारांवर पंजा दाबून तो बंद केला. कुलासोंना काहीतरी म्हणाले. कुलासो माईकजवळ आले.

"ते म्हणतात, ते गाणं ते विसरले."

लोकांना गंमत वाटली. हशा झाला, टाळ्या झाल्या. तिबुर्सियोंनी वाकून नमस्कार केला आणि ते आत गेले. मी वांद्र्याला मावसबहिणीकडे गेले, तिला काही सांगितलं नाही.

सकाळी वसईला पोचले तेव्हा आय अंगणात होती. सुकेळ्यांचे दिवस होते. पिकलेली राजेळी केळी सोलून चटईवर उन्हात मांडलेली, आणि ती एका टोकाकडून एकेक उलटत येत होती. लाल लुगडं, डोक्याला फडकं. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "भेटला तो माणूस?"

"भेटला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मी साठ साली मेले."

तिचा हात थांबला नाही. आणखी तीन-चार केळी उलटून झाली. मग म्हणाली, "बस."

"बसत नाही. पत्र कुणी लिहिलं, आय?"

"मीच. दुसरं कोण लिहिणार? चौथीपर्यंत शिकलेय मी."

मला वाटलं होतं, ती नाही म्हणेल. रडेल, कुणा दुसऱ्याचं नाव घेईल. रात्रभर मी त्या दुसऱ्याचा चेहरा शोधत होते. काकाचा, एखाद्या शेजाऱ्याचा. ती मीच म्हणाली आणि पुढचं केळं उचललं.

"का?"

"आधी त्याचं पत्र आलं होतं. तिकडे एक बाई आहे, तिच्याकडे राहतो, असं लिहिलं होतं. लपवलं नव्हतं त्याने, नावही लिहिलं होतं. दाल्वा." ते नाव तिने बावीस वर्षांनंतरही न अडखळता उच्चारलं. "पुढे लिहिलं होतं, इकडे शाळा चांगली आहे, पास्कोलीनला पुढच्या बोटीने पाठवून दे. आपल्या गावचा एक माणूस त्या बोटीवर आहे, तो आणेल. आणि खाली लिहिलं होतं, तुला हवं तर तूही ये."

ती प्रथमच माझ्याकडे बघत होती.

"तुला हवं तर तूही," ती परत म्हणाली. "हवं तर. मला तू एकच होतीस. नाही म्हटलं असतं तर तो स्वतः आला असता तुला न्यायला. बाप होता, सगळ्यांनी त्याचंच ऐकलं असतं. मग मी काय करणार होते? तुला तिकडे बुडवलं. मग गावाने विचारलं असतं, इनासची पत्रं का येत नाहीत, म्हणून त्याला इकडे बुडवलं. एका आठवड्यात दोघांना बुडवलं मी."

"आणि कंपनीचा कागद?"

"कसला तरी जुना कागद होता इंग्रजीत. फादरांनी मागितला नाही. माझं तोंड बघून कुणी काही मागितलं नाही." मग पुढे म्हणाली, "नंतर त्याचं एक पत्र आलं. मी ते चुलीत घातलं. उघडलं नाही."

"तो तीन वर्षांपूर्वी गेला, आय."

आता हात थांबला. केळं तिच्या बोटांत होतं, ते तिने जागेवर ठेवलं, पण ओळीत नीट बसलं नाही.

"तीन?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तो अजून आहे."

मी आतून पेटले होते. त्या चटईला लाथ मारावी, सगळी केळी मातीत उधळून द्यावी असं वाटत होतं. मी उभीच राहिले. मग तिने फडक्याने हात पुसले.

"त्या गाण्यात काय आहे?"

मी पर्समधून कुलासोंचा कागद काढला. वर्गात वाचते तसं वाचलं, आवाज चढू न देता. होडीचं वाचलं तेव्हा तिने डोळे मिटले. तिसरं वाचलं, चौथं वाचलं. चारही कडवी माझ्याविषयी होती, पाण्याविषयी होती. चौथं संपलं आणि मी थांबले.

"संपलं?"

"संपलं," मी म्हणाले आणि कागदाची घडी घातली.

आय उठली. गुडघ्यांवर हात टेकून उठताना तिने विचारलं, आणि विचारताना माझ्याकडे पाठ होती.

"माझं नाव नाही कुठे?"

"नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली, जणू तिला तेच अपेक्षित होतं. मग परत खाली बसली आणि ओळीबाहेर गेलेलं केळं सरळ केलं.

तिबुर्सियोंनी ते गाणं पुढे कधी गायलं नाही. कुलासो दोन-तीन वर्षांनी एकदा पत्र लिहीत, त्यातून कळायचं. त्यांच्या देशात लोक मागत राहिले, वर्तमानपत्रांनी विचारलं, रेकॉर्ड कंपनी रागावली. ते प्रत्येकाला हेच सांगत की विसरलो. त्यांच्या शेवटच्या काळातल्या कार्यक्रमांना लोक कमी येत, असंही कुलासोंनी लिहिलं होतं.

आय त्यानंतर नऊ वर्षं होती. आम्ही दोघी एकाच घरात होतो. त्या दिवसानंतर बाचं नाव आमच्या दोघींत निघालं नाही. मृतांच्या दिवशी ती क्रुसापाशी यायची, मेणबत्ती मी लावायचे आणि ज्योत ती झाकायची. शेवटच्या आजारात तिचं अन्न तुटलं. मी पेज घेऊन तिच्याजवळ बसायचे, ती तोंड फिरवायची. कागद कपाटात होता, चार पावलांवर. तेव्हाही मी उठले नाही.

पाचवं कडवं असं आहे:

जुलियान, दार लावून घे,
मी कुठल्या तोंडाने येऊ?
एकटीने काढलंस तिला बाहेर,
तुझे ओले हात मला रोज दिसतात.
मी तिथे असायला हवं होतं.
मला शिव्या घाल, जुलियान,
पण जेवत जा.